पिकअपचे ब्रेक : पॅड आणि डिस्क घेण्याआधी



गळीत हंगाम तोंडावर आला की या पानांवर ट्रॉलीचे टायर, तोडणीच्या टोळ्या आणि वजनकाटा हेच विषय येतात. ते यायलाच हवेत. पण गेल्या काही वर्षांत आपल्या सभासदांच्या दारात बैलगाडीच्या जागी पिकअप उभी राहिली आहे. ऊस ट्रॉलीने जातो हे खरे, पण बेणे, खताची पोती, ठिबकच्या नळ्या, डिझेलची टाकी, गुरांचा चारा हे सारे पिकअपनेच येते-जाते. म्हणून यावेळी तिच्या ब्रेकविषयी चार गोष्टी लिहीत आहोत.

वडनेर गटातील सभासदांना हा विषय अधिक जवळचा. हा मुळात कापूस, तूर, सोयाबीनचा पट्टा. उसाचे प्लॉट लांब लांब, त्यामुळे गाडीची धाव जास्त. त्यात गावाला लागून नागपूर–हैदराबाद महामार्ग. पूर्वी त्याला सात नंबर म्हणत, आता तो चव्वेचाळीस आहे. जामपासून हिंगणघाट, वडनेर आणि पुढे वर्धा नदी ओलांडून पांढरकवड्यापर्यंत घाट असा नाहीच. सपाट, सरळ रस्ता. म्हणूनच वेग वाढतो, आणि शेतातल्या वाटेने एखादा ट्रॅक्टर किंवा म्हशींचा कळप आडवा आला की सगळी भिस्त पायाखालच्या त्या एका पेडलवर असते.

परवा एक सभासद गट कचेरीत आले. म्हणाले, "वर्षात तिसऱ्यांदा पॅड टाकून राह्यलो भाऊ. आता मिस्त्री म्हणते डिस्कही गेल्या. कोणत्या कंपनीच्या घेऊ सांगा." आम्ही म्हटले, कंपनीचे नंतर पाहू, आधी तीनदा का झिजले ते पाहू. त्यांच्या गाडीत काय निघाले ते पुढे येईलच.

आधी ब्रेक करतो काय, ते पाहू. धावत्या गाडीत जी ताकद साठलेली असते तिची तो उष्णता करतो. बाकी काही नाही. माल धरून तीन टनांची पिकअप ताशी ८० किलोमीटरने चालली आहे आणि एकदम थांबवली, तर त्या एका थांब्यात जेवढी उष्णता निघते तेवढीने साधे अडीच लिटर पाणी उकळीला येईल. हीच गाडी ४० च्या वेगाने असती तर पाऊण लिटरही उकळले नसते. वेग दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, दुप्पट नव्हे. वजन दुप्पट झाले तर मात्र दुप्पट. कढईखाली जाळ वाढवला की काय होते हे गुऱ्हाळ चालविलेल्या माणसाला सांगायला नको. इथे कढई म्हणजे डिस्क.

बहुतेक पिकअपना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे येतो, म्हणून मोठे काम पुढच्या चाकांकडे. डिस्कची कल्पना तशी जुनी. इंग्लंडातील लँचेस्टर यांनी १९०२ साली तिचे पेटंट घेतले. पण तिचा बोलबाला झाला तो १९५३ मध्ये, डिस्क ब्रेक लावलेल्या जग्वार गाडीने फ्रान्समधील ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली तेव्हा. ड्रम तापला की फुगून लायनरपासून दूर जातो आणि पेडल खाली जाऊ लागते. डिस्क उघड्यावर असल्याने लवकर निवते. एवढेच तिचे मर्म.

आता डिस्क बदलायची की नाही, हे कोणी ठरवायचे? मिस्त्रीने नव्हे, मापाने. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर कमीत कमी जाडीचा आकडा मिलिमीटरमध्ये कोरलेला किंवा ओतलेला असतो. गंज घासून काढला की दिसतो. नाही दिसला तर कंपनीच्या पुस्तिकेत असतो. त्या आकड्याखाली गेलेली डिस्क वापरायची नाही, मग ती वरून आरशासारखी गुळगुळीत का असेना. जाडी मायक्रोमीटरने मोजावी. साध्या व्हर्नियरने मोजताना घोटाळा असा होतो की, पॅड जिथे घासत नाहीत ती बाहेरची कड उंच राहिलेली असते, व्हर्नियर तिच्यावर टेकतो आणि डिस्क आहे त्याहून जाड भरते.

लेथवर डिस्क उतरवून घेण्याची आपल्याकडे फार हौस. तसे केल्यावरही जाडी त्या आकड्याच्या बरीच वर राहत असेल तर हरकत नाही. पण कातकामात लोखंड जाते, आणि उष्णता पोटात घेते ते लोखंडच. पातळ कढई लवकर करपते. दोनशे-चारशे रुपये वाचवून उरलेल्या पातळ डिस्कवर दीड टन माल टाकणे आम्हाला तरी पटत नाही.

ब्रेक मारताना स्टेअरिंग थरथरले की "डिस्क वाकली" असे सर्रास म्हणतात. पुष्कळदा ती वाकलेली नसते, तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. याचे एक कारण हबवरचा गंज. नवी डिस्क गंजलेल्या हबवर तशीच चढविली तर ती किंचित तिरकी बसते, फिरताना लचकते, आणि काही हजार किलोमीटरनंतर पुन्हा थरथर सुरू. तेव्हा नवी डिस्क बसविण्याआधी हबची बैठक तारेच्या ब्रशने स्वच्छ करून घ्यावी. काम पाच मिनिटांचे आहे, पण समोर उभे राहून करून घ्यावे लागते.

डिस्क घेताना दोन्ही बाजूंची जोडीने घ्यावी आणि तिच्याबरोबर पॅडही नवेच घ्यावेत. जुन्या पॅडवर जुन्या डिस्कचे चर उमटलेले असतात. काही दुकानदार भोके पाडलेली शोभिवंत डिस्क दाखवितात. ती शर्यतीच्या मोटारींची चैन. भारवाहू गाडीत तापणे-निवणे सुरू झाले की तडे त्या भोकांपासूनच निघतात. कंपनीने जशी दिली तशीच साधी डिस्क घ्यावी. मूळ डिस्कला दोन थरांमध्ये हवेची पोकळी असेल तर बदलीची डिस्कही तशीच हवी.

पॅडचे प्रकार ढोबळ मानाने तीन. पहिला सेंद्रिय, म्हणजे तंतू आणि राळेचा. आवाज कमी, डिस्क कमी झिजवतो, पण फार तापला की पकड सोडतो. दुसरा सेमी-मेटॅलिक, ज्यात लोखंडाचा चुरा व तार असते. उष्णता सोसतो, पण थोडा करकरतो आणि डिस्कही खातो. तिसरा सिरॅमिक. महाग, शांत, आणि आपल्या मते शहरातल्या मोटारगाडीला शोभणारा. माल वाहणाऱ्या पिकअपला कंपनीने जो दर्जा सांगितला आहे तोच घ्यावा. निवड करायचीच झाली तर सेमी-मेटॅलिककडे झुकावे. थोडी करकर सोसावी.

काही पॅडच्या कडेला इंग्रजी आकड्यांच्या ओळीत शेवटी दोन अक्षरे छापलेली असतात. पहिले अक्षर साधारण तापमानातील पकड सांगते, दुसरे खूप तापल्यावरची. 'ई'पेक्षा 'एफ'ची पकड जास्त, 'एफ'पेक्षा 'जी'ची. 'एफएफ' म्हणजे तापल्यावरही पकड त्याच पट्ट्यात राहते. 'एफई' असेल तर तापल्यावर कमी होते, आणि आपल्याला गरज नेमकी तेव्हाच असते. मात्र ही अक्षरे टिकाऊपणाबद्दल काही सांगत नाहीत. बनावट मालाचा सुळसुळाट आहे, तेव्हा पक्के बिल मागावे. बिल द्यायला दुकानदार का-कू करू लागला की पेटी तिथेच ठेवून निघावे.

जुने पॅड निघाले की ते फेकू देऊ नका. ते हातात घेऊन पाहा. आमच्या मते सगळ्या कामातला हाच महत्त्वाचा भाग, आणि नेमका तोच कोणी करीत नाही. एकाच चाकाचा आतला पॅड झिजलेला आणि बाहेरचा जाड असेल तर कॅलिपरच्या पिना अडकल्या आहेत. डावे चाक झिजले, उजवे तसेच, तर कुठला तरी पिस्टन किंवा ब्रेकची नळी बघायला हवी. या दोन्ही गोष्टींत नुसते पॅड बदलून पैसे पाण्यात जातात. आणि पुढचे चारही पॅड सारखेच, पण फार लवकर झिजत असतील, तर मागे जाऊन बघावे.

त्या सभासदाच्या गाडीत हेच निघाले. गाडीच्या मागे त्यांनी दोन जादा पाटे टाकून घेतले होते. अनेक पिकअपच्या मागच्या ॲक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो. त्याची दांडी ॲक्सलला जोडलेली. माल भरला की गाडीचे बूड खाली बसते, दांडी फिरते, आणि मागच्या ब्रेकला तेलाचा दाब जास्त मिळतो. गाडी रिकामी असली की दाब कमी मिळतो, म्हणजे हलकी मागची चाके जाम होऊन घसरत नाहीत. मिस्त्री याला एलएसपीव्ही म्हणतात. आता पाटे वाढविले की माल भरूनही बूड खाली बसतच नाही. व्हॉल्व्हला वाटते गाडी रिकामी आहे. मागचे ब्रेक अर्धवट काम करतात आणि सगळा जाळ पुढच्या डिस्कवर. वर्षात तीनदा पॅड जाणार नाहीत तर काय!

यावर काही ठिकाणी त्या दांडीला तार बांधून ती कायम वर ओढून ठेवतात. ते तर त्याहून वाईट. पावसात रिकामी गाडी परतताना मागची चाके आधी अडकतात आणि गाडी गिरकी घेते. जादा पाटे काढून घ्यावेत आणि व्हॉल्व्ह कंपनीच्या मापावर लावून घ्यावा, हाच उपाय. सगळ्याच गाड्यांना हा व्हॉल्व्ह असतो असे नाही, पुस्तिकेत पाहावे.

पाटे वाढवतात ते जादा भरण्यासाठी, हे उघड आहे. गंमत अशी की कापूस भरलेली पिकअप डोंगराएवढी दिसते आणि वजनाला हलकी असते. ओले बेणे फाळक्याच्या वरही येत नाही, पण भारी. डीएपीची ५० किलोची तीस पोती म्हणजेच दीड टन. डोळ्यांवर भरवसा ठेवू नये, काट्यावर ठेवावा. २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार कायद्यात जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. एवढ्यात पुढच्या दोन्ही डिस्क, पॅड आणि मजुरी निघून वर शिल्लक राहावी. आणि मालावर मजूर बसवून नेणे तर कृपा करून बंद करा. पॅड तापून पकड सोडतात तेव्हा मागे बसलेल्या बायामाणसांना धरायलाही काही नसते.

ब्रेक ऑइलचे थोडक्यात. ते हवेतील ओल शोषते. डॉट-३ जातीचे नवे तेल किमान २०५ अंशांना उकळते, ओल खाल्लेले १४० च्या आसपासही उकळू शकते. उकळले की नळीत वाफ होते आणि पेडल गादीसारखे खाली जाते. दोन वर्षांतून एकदा बदलावे, आणि झाकणावर जी जात लिहिली आहे तीच घालावी. उघडून ठेवलेली अर्धी बाटली पुढच्या वर्षासाठी जपू नये. चाक उघडल्यावर आतली धूळ हवेच्या पाइपने किंवा फुंकून उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचे. ओल्या फडक्याने पुसावी.

नवे पॅड बसवून गाडी बाहेर काढण्याआधी, उभ्या गाडीत पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहावे. पहिल्या दाबाला ते रिकामे जाते आणि गाडी गॅरेजच्या भिंतीला भेटते. मग गाडी रिकामीच ठेवून गावाकडच्या मोकळ्या रस्त्यावर ४०-५० च्या वेगावरून हळूहळू पंधरावर आणावी, पूर्ण थांबवू नये, मध्ये थोडे चालवून निवू द्यावे. असे वीस-पंचवीस वेळा. पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसतो तो यामुळेच. त्या दिवशी बेण्याची फेरी ठरवू नये. महामार्गावर ती दुसऱ्या दिवशी न्यावी.