पुरणपोळी कॅमेऱ्यासमोर

पाककृतीच्या व्हिडिओचे काम मापापासून सुरू होते. घरी पुरण घालणारी बाई डाळ ओंजळीने घेते, गूळ डाळीकडे बघून टाकते, मीठ चिमटीने घालते आणि पुरण दर वेळी सारखेच उतरते. यूट्यूबवर बघून करणाऱ्याच्या हाताला ती सवय नसते. म्हणून शूटच्या आधी एकदा रंगीत तालीम करावी लागते. त्यात जी वस्तू पातेल्यात जाणार ती आधी वाटीत किंवा वजनकाट्यावर जाते आणि आकडा कागदावर लिहून घेतला जातो. अनुभवी हाताला हे फार जाचते. तीस वर्षे ज्याचा विचार करावा लागला नाही, त्याचा हिशोब द्यायचा असतो.

छापील पाककृतीने हा प्रश्न पूर्वीच हाताळला आहे. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने (१९७०) वाटी-चमच्याचे माप घरोघरी पोचवले. पण वाटीसुद्धा घरोघरी वेगळी असते, आणि व्हिडिओ तर नागपूरपासून न्यू जर्सीपर्यंत कुठेही पाहिला जातो. अमेरिकेतला कप साधारण २४० मिलिलिटरचा, भारतात मिळणाऱ्या मापाच्या संचांतला बहुधा २५० चा. पुरणपोळीत एवढ्याने बिघडत नाही. बिघडते ते गुळामुळे. चिरलेला गूळ, किसलेला गूळ आणि दाबून भरलेला गूळ यांची एकेक वाटी तोलून पाहिली तर तीन वेगळी वजने येतात. त्यामुळे वाटी कॅमेऱ्यासमोर धरून दाखवायची आणि शेजारी ग्रॅमही सांगायचे, ही रीत सर्वांत कमी गोंधळाची.

मापात न मावणाऱ्या गोष्टींसाठी खुणा शोधाव्या लागतात, आणि व्हिडिओचा खरा कस इथे लागतो. डाळ शिजली हे चिमटीत दाबून दाखवता येते. पुरण झाले याची खूण तर जणू कॅमेऱ्यासाठीच आहे: मध्ये रोवलेले उलथणे उभे राहते. कणकेचे तसे नाही. पुरणपोळीची कणीक सैल हवी, तेल लावून तिंबलेली आणि मुरलेली हवी. हे शब्द ऐकून नवख्याच्या डोळ्यांपुढे काहीच येत नाही. गोळा दोन बोटांनी उचलून तो न तुटता किती लांबतो हे दाखवले, की पाहणाऱ्याला अंदाज येतो. गूळ घातल्यावर शिजलेली डाळ एकदम पातळ होते आणि पहिल्यांदा करणारा माणूस नेमका तिथे घाबरतो. ‘आता हे पातळ होणार, आटेल नंतर’ एवढे एक वाक्य त्या क्षणी हवेच. पुरण आटत आले की उडते आणि हात भाजतो, म्हणून लांब दांड्याचा चमचा घ्या, हेही तिथेच सांगायचे. शेवटी सांगून उपयोग नाही. जायफळ-वेलदोड्याचा वास मात्र पोचवता येत नाही. ‘खमंग वास सुटेपर्यंत भाजा’ ही सूचना देताना रंग दाखवून मिनिटे सांगावी लागतात. ‘मध्यम आच’ म्हणताना शेगडीची ज्योत दिसली पाहिजे. इंडक्शनवाल्यांचा प्रश्न तरीही येतोच.

शब्दांचीही काळजी घ्यावी लागते. पुण्यात जिला पोळी म्हणतात तिला कोल्हापुरात चपाती म्हणतात. बेसन आणि डाळीचे पीठ एकच का, असे विचारणारेही असतात. दोन्ही नावे घेतली की प्रश्न मिटतो.

शूटिंगची आखणी पदार्थाच्या वेळापत्रकाप्रमाणे होते. पदार्थ कोणासाठी थांबत नाही. गूळ डाळीत एकदाच पडतो. तेव्हा फोकस हुकला तर पुन्हा डाळ शिजवण्यावाचून गत्यंतर नसते. असे न परतणारे क्षण आधी कागदावर मांडून तिथे दोन मोबाइल लावायचे: एक कढईच्या डोक्यावर, एक समोरून. पोळ्या लाटण्याचे काम त्या मानाने दयाळू असते, कारण पोळ्या पुष्कळ होतात. पहिली तवा तापेपर्यंत बिघडते, दुसरीत प्रकाश जमवायचा आणि तिसरी कॅमेऱ्याची. पुरण भरून तोंड बंद करताना आणि उंडा तांदळाच्या पिठीवर दाबताना हात कॅमेऱ्याच्या आड येतो. तो आड येऊ नये म्हणून ओट्यावर बाजू बदलून, कधी चक्क उलट्या हाताने काम करावे लागते. सराईत बाईलाही हे सुरुवातीला जमत नाही.

एकट्याने हे सगळे करणे शक्य असते, पण कणकेचे हात घेऊन मोबाइलला शिवता येत नाही. काम वाटून घेण्याचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण ‘आपली आजी’ या चॅनेलचे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या (तेव्हाच्या अहमदनगर) सारोळा कासार गावच्या सुमन धामणे २०२० मध्ये घराघरांत पोचल्या. स्वयंपाक आजींचा आणि मोबाइल नातवाचा. या जोडीचा आणखी एक फायदा असतो, तो बोलण्याचा. समोर नातू असला की आजी त्याला सांगते, आणि भिंगाकडे बघून बोलताना येणारा अवघडलेपणा आपोआप जातो.

प्रकाशासाठी सकाळची खिडकी सर्वांत चांगली आणि फुकट. ट्यूब किंवा एलईडी दिव्याखाली शूट केले तर चित्रात कधी कधी सरकते आडवे पट्टे दिसतात. भारतातली वीज ५० हर्ट्‌झची असल्याने असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. मोबाइलचे शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवले की पट्टे जातात. फुकट ॲपमध्येही ही सोय असते, तरी महागडा कॅमेरा घेऊन पट्ट्यांसह व्हिडिओ चढवणारे कमी नाहीत. दुसरी खोड रंगाची. मोबाइल प्रत्येक दृश्याचा रंगतोल आपल्या मनाने ठरवतो. पातेल्यात हळद पडली की तो तोल हलतो आणि पांढरा ओटा निळसर दिसू लागतो. रंग आणि उजेड दोन्ही सुरुवातीलाच कुलूपबंद करावेत. स्टीलच्या पातेल्यात छत, दिवा आणि मोबाइल धरलेली व्यक्ती असे सगळे दिसते, म्हणून अशा व्हिडिओंत लोखंडी कढई आणि मातीची भांडी एवढी दिसतात. त्यामागे परंपरेचे प्रेम असेल, पण चकाकी टाळण्याची गरजही आहे. झाकण काढताना वरच्या मोबाइलच्या भिंगावर वाफ धरते. तिथे क्षणभर थांबून भिंग पुसायचे आणि मग चमचा घालायचा.

चित्रातला दोष प्रेक्षक सोसतो, आवाजातला सोसत नाही. शूटपुरता फ्रिज बंद, एक्झॉस्ट बंद, मिक्सरचे काम आधीच उरकलेले. शेजारच्या कुकरच्या शिट्टीला इलाज नाही. पदराला लावलेल्या कॉलर माइकवर पदराची सळसळ येते, मंगळसूत्र माइकला आपटते, आणि पोळी लाटताना बांगड्यांचा आवाज बोलण्यापेक्षा मोठा होतो. पुष्कळ जण म्हणून निवेदन नंतर वेगळे रेकॉर्ड करतात. गाद्या-पांघरुणांच्या खोलीत आवाज घुमत नाही. तव्यावरचा चर्र आवाज मात्र मूळ ठेवावा. कागदावर लिहून वाचलेले निवेदन लगेच ओळखू येते. ‘तदनंतर मिश्रण एकजीव करावे’ असे कोणी स्वयंपाकघरात बोलत नाही. ‘आता हे छान एकजीव करून घ्या’ असे म्हणतात. मुद्दे लिहून वाक्ये तोंडून येऊ दिली तर बरे.

एडिटिंगमध्ये तीन तासांच्या कामाची आठ मिनिटे होतात. काय कापायचे हे सोपे: डाळ शिजणे, कणीक मुरणे, भांडी हलवणे. काय कापायचे नाही हे शिकायला वेळ लागतो. जिथे पदार्थ बिघडू शकतो तिथे वेग वाढवू नये. पोळी फुटून पुरण बाहेर आले तर तो शॉट ठेवावा आणि त्यावर पिठी कशी लावली हे दाखवावे. बघणाऱ्याची पोळीही फुटणारच असते. पार्श्वसंगीतासाठी सिनेमातले गाणे घेतले तर यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा ते ओळखते आणि त्या व्हिडिओची कमाई गाण्याच्या मालकाकडे जाऊ शकते. यूट्यूबच्याच ऑडिओ लायब्ररीतले संगीत घेतले की हा त्रास नाही. पुरणपोळीचे साहित्य आणि कृती कोणाच्या मालकीची नसते. दुसऱ्याने लिहिलेला मजकूर आणि काढलेले फोटो मात्र त्याच्या मालकीचे असतात.

शीर्षक प्रेक्षकाच्या शोधातून ठरते. अनेक लोक मराठी पदार्थ रोमन लिपीत टाइप करून शोधतात, तेव्हा नाव दोन्ही लिप्यांत असावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, लोक पुष्कळदा पदार्थापेक्षा त्याचे बिघडणे शोधत असतात: चकली मऊ का पडते, मोदकाची पारी का चिरते, पुरण सैल झाले तर काय करायचे. थंबनेलवर उजव्या कोपऱ्यात खाली व्हिडिओची लांबी येते, म्हणून तिथे अक्षर ठेवायचे नाही. वेळही पाळावी लागते. पुरणपोळीचा व्हिडिओ होळीच्या सकाळी टाकला तर तो पुढच्या होळीलाच पाहिला जाईल.

व्हिडिओ चढवल्यानंतरचे सर्वांत शिकवणारे साधन म्हणजे यूट्यूब स्टुडिओतला प्रेक्षक किती वेळ टिकला याचा आलेख. सुरुवातीला तो घसरतो; स्वागत, चॅनेलचे नाव, ‘सबस्क्राइब करा’ यात अर्धे मिनिट गेले तर फारच. त्या घसरणीकडे सगळे बघतात. आलेखातले उंचवटे अधिक बोलके असतात, कारण तिथे लोक मागे जाऊन पुन्हा पाहतात. साहित्याच्या मापाशी एक उंचवटा हमखास असतो, आणि दुसरा उंडा भरण्याशी. करणाऱ्याला सोपी वाटलेली पायरी शिकणाऱ्याला अवघड आहे, हे तो आलेख परस्पर सांगून टाकतो. पुढच्या व्हिडिओत त्या जागेला दुप्पट वेळ द्यावा आणि ‘०:००’ पासून सुरू होणारी प्रकरणे वर्णनात लिहावीत. किमान तीन प्रकरणे आणि प्रत्येक किमान दहा सेकंदांचे, असा नियम आहे.

पैसे उशिरा येतात. जाहिरातींचा वाटा मिळण्यासाठी १,००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४,००० तासांचे सार्वजनिक दर्शन लागते, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्‌सना १ कोटी व्ह्यूज. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातींच्या उत्पन्नातला ५५ टक्के भाग करणाऱ्याला मिळतो, शॉर्ट्‌सच्या वाट्यातला ४५ टक्के. जाहिरातीचा दर प्रेक्षक कुठल्या देशात आहे यावरही अवलंबून असतो, त्यामुळे परदेशातला मराठी प्रेक्षक मोजका असला तरी हिशोबात जाणवतो. १०० डॉलर जमेपर्यंत रक्कम खात्यात येत नाही. त्याआधी पत्ता पडताळण्यासाठी गूगलकडून टपालाने पिन येतो; इतक्या ऑनलाइन धंद्यात एकदा पोस्टमनची वाट पाहावीच लागते. मसाल्याच्या किंवा तेलाच्या कंपनीकडून पैसे घेतले असतील तर ते उघड सांगणे बंधनकारक आहे: ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्‌स कौन्सिलची याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे २०२१ ची आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याची जानेवारी २०२३ ची. फुकट आलेला मिक्सरही मोबदल्यातच धरला जातो.

मूळ क्लिपा स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवाव्यात. २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली तेव्हा केवळ तिथेच काम ठेवलेल्यांना नव्या ठिकाणी शून्यापासून उभे राहावे लागले. यूट्यूबवर आणखी एक मर्यादा आहे: चढवलेला व्हिडिओ त्याच दुव्यावर बदलता येत नाही, त्यातला नको असलेला भाग मात्र कापता येतो. गुळाचे माप चुकीचे बोलले गेले असेल तर दुरुस्ती वर्णनाच्या पहिल्या ओळीत लिहायची. चूक मोठी असेल तर डाळ पुन्हा भिजवून मूळ क्लिपांतली लाटण्याची दृश्ये वापरायची आणि फक्त पुरणाचा भाग नव्याने चित्रित करायचा.