शेंदराखालची मूर्ती आणि प्लेटोचा प्रश्न

सप्तशृंगीचा गड कळवण तालुक्यात आहे आणि वणी हे गाव दिंडोरी तालुक्यात. तरीही खानदेशापासून मुंबईपर्यंत लोक तिला ‘वणीची देवी’ म्हणूनच ओळखतात. चैत्रात खानदेशातून पायी येणाऱ्या भाविकाला तालुक्याच्या हद्दीशी काही देणेघेणे नसते. त्याला आईचे दर्शन हवे असते. २०२२ च्या जुलै महिन्यात या गडावरचे मंदिर सुमारे दीड महिन्यासाठी दर्शनाला बंद ठेवण्यात आले. पिढ्यान्‌पिढ्या देवीला शेंदूर लावला जात होता. त्या शेंदराचे थरावर थर चढून मूर्ती झाकली गेली होती. ते थर काढण्याचे काम हाती घेण्यात आले आणि तब्बल हजार किलोंहून अधिक शेंदूर निघाला. त्या वर्षीच्या नवरात्रात भाविक गडावर गेले तेव्हा त्यांना कातळात कोरलेली, अठरा हातांची, रेखीव मूर्ती दिसली. ती मूर्ती आधीही तेथेच होती. दिसत मात्र नव्हती.

अशा वेळी एखाद्या वृद्ध भाविकाच्या मनात सहज येईल, की मग आपण आयुष्यभर हात जोडले ते कोणाला? जुने रूप खरे, की नवे? प्रश्न साधा वाटतो, पण तत्त्वज्ञानाचा उगम अशाच प्रश्नात आहे. डोळ्यांना दिसते ते आणि वस्तुतः असते ते, या दोहोंचे नाते काय? अथेन्स नगरीत सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी प्लेटोने हाच प्रश्न विचारला होता. नवल असे, की त्यासाठी त्याने दिलेला एक दाखला वणीच्या भाविकाला परका वाटू नये.

‘रिपब्लिक’ या ग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणात प्लेटोने ग्लाउकोस या सागरदेवाचा उल्लेख केला आहे. ग्लाउकोस मूळचा कोळी, पुढे देवत्व पावून समुद्रात राहू लागलेला. लाटांच्या माऱ्याने त्याचे अवयव झिजले, काही मोडले. अंगावर शिंपले, शेवाळ आणि दगड यांची पुटे चढली. आता त्याला पाहणाऱ्याला तो देव न वाटता एखादे श्वापदच वाटावे. प्लेटो म्हणतो, माणसाच्या आत्म्याचेही असेच झाले आहे. आपण त्याला पाहतो ते या पुटांसकट, म्हणून त्याचे मूळ रूप आपल्याला कळत नाही.

नाव कपाटातले, प्रश्न घरातला

असण्याच्या मुळाशी काय आहे, याचा विचार करणाऱ्या शास्त्राला आपण सत्तामीमांसा म्हणतो. पाश्चात्त्यांचा शब्द मेटॅफिजिक्स. शब्द भारदस्त असला तरी त्याचा जन्म, परंपरेने सांगतात त्याप्रमाणे, ग्रंथ लावून ठेवण्याच्या खटपटीतून झाला. अ‍ॅरिस्टॉटलच्या लेखनाची व्यवस्था लावताना त्याचे काही प्रबंध निसर्गविषयक ग्रंथांनंतर ठेवले गेले. म्हणून ते ‘निसर्गग्रंथांनंतरचे’ ठरले. रोड्‌सच्या अँड्रोनिकसने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात ही व्यवस्था लावली असे मानतात. नाव असे जुजबी, पण त्यात हाताळलेले प्रश्न प्रत्येक घरातले आहेत. आपले मूल म्हणजे नेमके काय? ते कोरी पाटी आहे, की त्याच्यात काही आधीपासूनच दडलेले आहे? आईबाप कळत-नकळत या प्रश्नाचे काहीतरी उत्तर गृहीत धरतात आणि त्यावरच मुलाचे शिक्षण ठरते.

प्लेटोचे उत्तर स्पष्ट होते. आंधळ्या डोळ्यांत दृष्टी घालावी तसे ज्ञान बाहेरून मनात घालता येते, हा काही शिक्षकांचा दावा त्याला मान्य नव्हता. पाहण्याची शक्ती प्रत्येकात आहे. फक्त तोंड भलतीकडे आहे. ते वळवणे म्हणजे शिक्षण. गुहेत साखळदंडांनी बांधलेले, भिंतीवरच्या सावल्यांनाच सत्य समजणारे कैदी त्याने रंगवले ते यासाठीच.

‘मेनो’ या संवादात तर त्याने याचे प्रात्यक्षिकच दिले आहे. सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला दोन फूट बाजूचा चौरस काढून दाखवतो. त्याचे क्षेत्र चार चौरस फूट. याच्या दुप्पट क्षेत्राचा चौरस काढायचा तर बाजू किती घ्यावी? मुलगा म्हणतो, दुप्पट, म्हणजे चार. पण चार गुणिले चार सोळा होतात, हवे तर आठच. मग तो तीनवर येतो, तर नऊ भरतात. येथे मुलगा गोंधळतो आणि आपल्याला येत नाही असे कबूल करतो. सॉक्रेटिसाला ही नामुष्की वाटत नाही. आता कुठे शिकणे सुरू झाले, असे तो मानतो. पुढे प्रश्न विचारत विचारत तो त्या मुलाला कर्णापर्यंत आणतो. मूळ चौरसाच्या कर्णावर उभारलेला चौरस बरोबर आठ चौरस फुटांचा असतो. दिंडोरीकडच्या एखाद्या मुलाला द्राक्षबागेचा चौकोनी तुकडा दुप्पट करायला सांगितला, तर तोही बहुधा याच दोन चुका आधी करील. त्याला त्या करू द्यायच्या, की वहीत सूत्र उतरवून देऊन मोकळे व्हायचे, हा शिक्षकापुढचा खरा प्रश्न आहे.

काडीच्या डोळ्यातला घड

प्लेटोच्या अकादमीत अ‍ॅरिस्टॉटल वयाच्या सतराव्या वर्षी आला आणि वीस वर्षे राहिला. तो वैद्याचा मुलगा. त्याची नजर आकाशापेक्षा रोपे, मासे, प्राणी यांच्याकडे अधिक. वस्तूचे मर्म तिच्या पलीकडच्या कुठल्या लोकात नसून तिच्यातच आहे, असे त्याचे म्हणणे. बी म्हणजे वृक्षाची शक्यता. योग्य माती-पाणी मिळाले तर ती प्रत्यक्षात उतरते.

हे वणी परिसरातल्या बागायतदाराला समजावून सांगण्याची गरज नाही. एप्रिलमध्ये द्राक्षाची खरड छाटणी होते. त्यानंतर फुटणाऱ्या नव्या काडीच्या डोळ्यात सूक्ष्म घड तयार होतो. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. म्हणून ऑक्टोबरच्या फळछाटणीआधी जाणता शेतकरी काड्या तपासून घेतो. घड कोणत्या डोळ्यात आहे हे कळले, की कात्री कुठे लावायची ते ठरते. डोळ्यात नसलेला घड औषधे फवारून आणता येत नाही, आणि असलेला घड आंधळ्या छाटणीने हातचा जातो. बागेच्या बाबतीत एवढी काळजी घेणारे आपण, मुलाच्या बाबतीत मात्र दहावीचा निकाल लागला की शेजारच्याने कात्री लावली तेथेच लावतो.

मात्र अ‍ॅरिस्टॉटल आणखी एक गोष्ट सांगतो आणि येथे त्याची वाट गुरूपासून वेगळी होते. सद्‌गुण जन्मतः तयार नसतात. ते सवयीने अंगी येतात. वीणा वाजवूनच वादक होता येते, तसे न्यायाने वागूनच माणूस न्यायी होतो. म्हणजे सगळीच पुटे काढून टाकण्याजोगी नसतात. देवीवरचा शेंदूर हा काही निव्वळ मळ नव्हता. त्यात कित्येक पिढ्यांची श्रद्धा होती, नवस होते, ओंजळीतले प्रेम होते. तो काढावा लागला हे खरे, पण लावणाऱ्यांचे हात खोटे नव्हते. मुलांवरही आपण प्रेमानेच थर चढवतो. हे थर त्याचे रूप उजळवतात की झाकतात, हे अधूनमधून पाहणे एवढेच आपल्या हाती असते.

अमळनेरची गुहा आणि उजेड

गडावर पायी येणाऱ्यांच्या खानदेशातच ग्रीकांच्या या विचाराला एक घर मिळाले होते. अमळनेरचे गिरणीमालक श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ साली तेथे तत्त्वज्ञान मंदिर उभारले. कृष्णचंद्र भट्टाचार्य, जी. आर. मलकानी यांच्यासारखे विचारवंत तेथे राहून गेले. तेथून तत्त्वज्ञानाचे इंग्रजी त्रैमासिक निघत असे. याच सुमारास गुरुदेव रा. द. रानडे उपनिषदे आणि ग्रीक तत्त्वज्ञ यांचा तौलनिक अभ्यास करत होते. १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या उपनिषदांवरील इंग्रजी ग्रंथात त्याच्या खुणा आहेत.

या तत्त्वज्ञान मंदिरात एक तरुण अभ्यासासाठी आला. त्याचे नाव पांडुरंग सदाशिव साने. मंदिरातल्या अभ्यासात त्याचे मन फार रमले नाही. १९२४ साली तो अमळनेरच्याच शाळेत शिक्षक झाला, छात्रालयाचा भार त्याने उचलला, मुलांसाठी हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढले. त्यांच्या खोल्या झाडल्या, कपडे धुतले. १९३० साली स्वातंत्र्यलढ्यात उतरेपर्यंत हे चालले. प्लेटोच्या गुहेच्या गोष्टीचा उत्तरार्ध आपण विसरतो. उजेड पाहिलेल्याने तेथेच रमायचे नसते. बांधलेल्यांकडे परत यायचे असते. साने गुरुजींनी वेगळे काय केले?

अर्थात ग्रीकांचे सगळेच घेण्याजोगे नाही. ‘स्कूल’ हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थ ‘फुरसत’. शिक्षण पोटापाण्यापलीकडच्या जगण्यासाठी, हा विचार थोर खरा. पण अथेन्समधली ती फुरसत गुलामांच्या कष्टांवर उभी होती. आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन केले तेव्हा सर्वांना सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. मूठभरांची फुरसत त्यांना नको होती. शेतात राबणाऱ्याच्या मुलाला विचार करण्याचा हक्क हवा होता. ग्रीकांचा हेतू आणि जोतीरावांची व्याप्ती, दोन्ही एकत्र आल्याशिवाय शिक्षणाला पूर्णत्व नाही.

आज शाळा गावोगावी आहेत आणि फुरसत मात्र मुलांकडेही उरलेली नाही. शाळा सुटली की शिकवणी, शिकवणी संपली की सराव परीक्षा. नोकरी हवी, पैसा हवा. द्राक्षाला भाव नसलेल्या वर्षी घर कसे चालते हे ज्याने पाहिले, त्याला हे सांगायला कोणी तत्त्वज्ञ लागत नाही. पण ‘शिकून काय होणार?’ हा प्रश्न आपण मुलाला विचारतो तेव्हा उत्तरात केवळ हुद्दा अपेक्षित असतो. ग्रीकांनी त्याच शब्दांत निराळे विचारले असते: शिकून तू कोण होणार?

येत्या रविवारी मुलाला गुणपत्रिकेऐवजी एवढेच विचारून पाहावे, की या आठवड्यात तुला कशाचे नवल वाटले? पहिल्या वेळी उत्तर येणार नाही. कदाचित दुसऱ्या वेळीही नाही. सॉक्रेटिसाचा तो मुलगाही दोनदा चुकला होता.