कोयासानचा अकार

ध्यान करावयास परदेशी जाण्याचे प्रयोजन काय, हा प्रश्न आमच्या चौदा जणांच्या मंडळीतील प्रत्येकाला घरी कोणी ना कोणी विचारलेला होता. इंदूरहून आलेल्या एका निवृत्त शिक्षिकेला तर तो त्यांच्या मुलानेच विचारला होता. "आई, घरात देवघर आहे, कोपऱ्यावर योगवर्ग आहे, नुसते बसण्यासाठी जपानपर्यंतचे विमानभाडे कशाला?" आम्ही सर्व जण त्यांना 'बाई' म्हणत असू. चौतीस वर्षे पहिलीच्या वर्गाला शिकवलेल्या स्त्रीला दुसरे काही म्हणणे आम्हाला सुचलेही नसते. मुलाला आपण काय उत्तर दिले ते बाईंनी सांगितले नाही. प्रश्न मात्र रास्त होता, आणि तो मनात ठेवूनच मी हा प्रवास केला.

योग, ध्यान आणि देशाटन यांची सांगड घालणाऱ्या सहलींना आज वाण नाही. बालीचे समुद्रकिनारे आहेत, श्रीलंकेतील चहाचे मळे आहेत, थायलंडातील विहार आहेत. माहितीपत्रके वाचली की कार्यक्रम बहुधा एकच आढळतो : सकाळी आसने, दुपारी प्रेक्षणीय स्थळे, सायंकाळी बाजार. त्यात वावगे काही नाही. परंतु अशा ठिकाणी आसनांचा वर्ग उचलून दुसऱ्या देशी नेऊन ठेवला तरी त्यात कसलाच फरक पडत नाही. त्या भूमीशी त्याचे नाते नसते. जपानमधील कोयासान निवडण्याचे कारण नेमके हेच होते. तेथे ध्यान हा प्रवाशांसाठी मांडलेला कार्यक्रम नाही. बाराशे वर्षे त्या डोंगराचा तोच व्यवसाय आहे.

ओसाका शहरातील नाम्बा स्थानकावरून आगगाडी निघते. सपाटीवरची घरे मागे पडतात, दऱ्या अरुंद होत जातात, आणि सुमारे दीड तासाने गाडी 'गोकुराकुबाशी' येथे थांबते. या नावाचा अर्थ स्वर्गलोकीचा पूल. तेथून दोरावर ओढला जाणारा, पायऱ्यापायऱ्यांचा डबा पाच मिनिटांत उभा कडा चढवून नेतो. वर, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर, डोंगरांनी वेढलेले एक लहानसे पठार आहे आणि त्यावर ११७ मंदिरे आहेत. त्यांपैकी पन्नासांवर मंदिरांत यात्रेकरूंना उतरता येते.

स्थानकावरून गावात शिरताना बस एका जुन्या लाकडी इमारतीजवळून जाते. हे स्त्रियांचे सभागृह, 'न्योनिन्दो'. शेकडो वर्षे स्त्रियांना या पवित्र क्षेत्रात पाऊल ठेवण्याची बंदी होती. क्षेत्राच्या प्रवेशवाटांवर अशी सात सभागृहे होती. तेथवर येऊन, तेथूनच हात जोडून, स्त्रिया कडेच्या वाटेने डोंगराला वळसा घालीत. आज त्यांपैकी हे एकच उरले आहे. १८७२ मध्ये जपानी सरकारने हुकूम काढून बंदी उठवली, तरी डोंगरावरचा विरोध लगेच मावळला नाही. आमच्या मंडळीत नऊ स्त्रिया होत्या. बस पुढे गेली तेव्हा कोणी काही बोलले नाही. बाईंनी मात्र मान वळवून ती इमारत दृष्टीआड होईपर्यंत पाहिली.

या क्षेत्राचा संस्थापक कूकाई. ८०४ साली, तिशीच्या उंबरठ्यावर, तो समुद्र ओलांडून चीनमध्ये गेला. छांग-आन या राजधानीत हुई-क्वो नावाच्या आचार्याने त्याला मंत्रयानाची दीक्षा दिली आणि प्रज्ञ नावाच्या भारतीय पंडिताने संस्कृत शिकवले. दोन वर्षांनी तो परतला तो ग्रंथ, चित्रे आणि 'सिद्धम्' ही भारतीय लिपी घेऊन. ८१६ मध्ये सम्राटाने त्याला हा डोंगर दिला. त्याच्या पंथाचे नाव 'शिंगोन', म्हणजे सत्यवचन, अर्थात मंत्र. देह, वाणी आणि चित्त या तिन्हींना एकाच वेळी कामास लावावे, हाताने मुद्रा धरावी, मुखाने मंत्र म्हणावा, मनाने ध्येयवस्तू पाहावी, अशी ही साधना. आणि तिला जपानी भिक्षू आजही 'युगा' म्हणतात. हा आपलाच 'योग' शब्द आहे. योग म्हणजे आसने अशी समजूत जगभर रूढ झालेली असताना, या आडबाजूच्या डोंगरावर त्याचा जुना अर्थ टिकून राहिला, याचे मला फार नवल वाटले. जपानी वर्णमालेचा क्रमही, अ, इ, उ, ए, ओ आणि पुढे क, स, त, न, आपल्याच वर्णमालेवरून बेतला गेला आहे. बाईंना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी ती पाच स्वरांची ओळ बोटांवर मोजून पाहिली आणि 'औ'कार कोठे गेला असे विचारले.

मंदिरातील मुक्काम म्हणजे धर्मशाळाही नव्हे आणि हॉटेलही नव्हे. जमिनीवर गवती चटया, सरकत्या कागदी भिंती, रात्री अंथरल्या जाणाऱ्या गाद्या. शेजारच्या खोलीतील खोकला आपल्या खोलीत ऐकू येतो. त्यामुळे गप्पिष्ट मंडळींना मौनाचे पाठ निराळे द्यावे लागत नाहीत. जेवण सायंकाळी सहाच्या सुमारास, लाकडी चौरंगावर. ते पूर्णपणे शाकाहारी असते आणि त्यात कांदा-लसूणही वर्ज्य, म्हणजे आपल्याकडील चातुर्मासच. तीळ वाटून त्यात एका कंदाचे सत्त्व घालून शिजवलेली मऊ वडी, थंडीत गोठवून वाळवलेले सोयाबीनचे पनीर, रानभाज्या, लोणचे, भात. शाकाहारी वाचकांस एक सूचना येथेच द्यावीशी वाटते. जपानमध्ये अन्यत्र साध्या भाजीच्या रश्श्यातही माशाचा अर्क असतो. या मंदिरांत तो समुद्रशैवाल व अळंबी यांचा करतात. हा फरक ठाऊक नसल्यामुळे ओसाकातील पहिले दोन दिवस आमच्यातील तिघांनी केळ्यांवर काढले होते.

त्या रात्री बाई आणि मी एकाच खोलीत होतो. दिवा मालवल्यावर त्या म्हणाल्या, "तुम्हाला सांगते, मला ध्यान येतच नाही. हे जाऊन दीड वर्ष झाले. डोळे मिटले की रुग्णालयातली ती शेवटची खोली दिसते. म्हणून मी देवापुढेसुद्धा उघड्या डोळ्यांनी बसते." हा प्रवास दोघांनी मिळून ठरवला होता; पैसेही त्यांच्या यजमानांनीच साठवले होते. उद्या सर्वांबरोबर बसता आले नाही तर वाईट दिसेल का, एवढेच त्यांना विचारायचे होते. गुडघ्यांची काळजी त्यांनी नंतर सांगितली.

कोयासानवरील मुख्य ध्यानप्रकार 'अजिकान', म्हणजे 'अ' या अक्षराचे ध्यान. दुसऱ्या दिवशी दुपारी एका तरुण भिक्षूने आम्हाला एका मंद प्रकाशाच्या दालनात नेले. समोर एक चित्रपट टांगला होता : काळसर पार्श्वभूमीवर शुभ्र चंद्रबिंब, त्यात कमळ, कमळावर सिद्धम् लिपीतील सोनेरी 'अ'. सर्व वर्णांचा उगम असलेला हा अकार म्हणजे जे कधी उत्पन्न झाले नाही आणि म्हणून नाशही पावत नाही, त्याचे चिन्ह, असे शिंगोन पंथ मानतो. गीतेच्या विभूतियोगात भगवंतांनी अक्षरांमध्ये स्वतःस अकार म्हटले आहे, हे आमच्यापैकी अनेकांना आठवले.

भिक्षूने शिकवण्यात घाई केली नाही. मांडी घालावी, ज्यांना जमत नाही त्यांनी मागच्या बुटक्या खुर्च्या घ्याव्यात. प्रथम श्वास मोजावे. मग प्रत्येक उच्छ्वासाबरोबर 'अऽ' असा सूर सोडावा, आधी ऐकू येईल असा, नंतर मनातल्या मनात. डोळे अर्धवट उघडे ठेवून अक्षराकडे पाहावे. ते पुरते मनात उतरले की मगच डोळे मिटावेत, आणि आकृती पुसट झाली तर पुन्हा उघडून पाहावे. जे साधतील त्यांनी चंद्रबिंब हळूहळू वाढवीत दालनाएवढे, डोंगराएवढे, विश्वाएवढे करावे आणि तसेच परत आणून हृदयात ठेवावे. माझे चंद्रबिंब दालनाच्या भिंतीपर्यंतही पोहोचले नाही, हे कबूल करते. माझा अर्धा वेळ डाव्या पायाच्या मुंग्यांत गेला.

बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "वळण आपल्यापेक्षा निराळे आहे, पण 'अ' आहे. पहिलीतले मूल पाटीवर गिरवते तसा मी डोळ्यांनी गिरवत बसले." डोळे मिटले का, असे मी विचारले. "दोनदा. खोली दिसली नाही असे नाही. पण 'अ' तिच्या पुढे होता."

तिसऱ्या दिवशी पहाटे सहाला होम होता. जपानीत त्याला 'गोमा' म्हणतात. शब्द आणि विधी दोन्ही येथूनच गेलेले. वेदीत समिधा रचलेल्या, ढोलाचा घनगंभीर ठेका, मंत्रांच्या अखेरीस 'स्वाहा'चे 'सोवाका' झालेले. आमच्यातील हैदराबादचे एक वृद्ध गृहस्थ पहिला 'सोवाका' ऐकताच सावरून बसले. होमानंतर पुन्हा ध्यान झाले. त्या वेळी आपल्याला काहीच जमले नाही, असे बाईंनी आपण होऊन सांगितले.

उरलेला दिवस आम्ही ओकुनोइन येथे घालवला. पहिल्या पुलापासून कूकाईच्या समाधीपर्यंत सुमारे दोन किलोमीटरची वाट प्रचंड देवदारांखालून जाते आणि तिच्या दोन्ही अंगांस दोन लाखांहून अधिक थडगी व स्मारके आहेत. सरदारांची आहेत, सामान्यांची आहेत. अलीकडच्या भागात कारखान्यांनी आपल्या दिवंगत कामगारांसाठी उभारलेली आहेत, आणि वाळवीनाशकांच्या संघटनेने मारलेल्या वाळवीसाठी उभारलेलेही एक आहे. हसू आवरत नाही, आणि मग हसल्याबद्दल थोडे चुकल्यासारखेही वाटते. ८३५ साली कूकाई मृत्यू पावला नाही, तो समाधीत बसला आहे, अशी श्रद्धा असल्यामुळे भिक्षू आजही रोज दोन वेळा त्याला भोजन घेऊन जातात.

वाटेवरील कित्येक स्मारके पाच दगडांची आहेत : तळाशी चौकोन, त्यावर गोल, त्रिकोणी छत, अर्धगोल आणि शिखरावर मण्यासारखा दगड. ही पंचमहाभूते, त्यांवर क्रमाने अ, व, र, ह, ख ही अक्षरे कोरतात. शेवाळाने झाकलेल्या एका स्मारकापुढे बाई वाकल्या आणि तळच्या दगडावरचे शेवाळ बोटाने किंचित बाजूला करू लागल्या. मग दुसऱ्याच्या घरच्या वस्तूला हात लावल्यासारखा त्यांनी हात मागे घेतला. तळचा दगड पृथ्वीचा, त्यावरचे अक्षर 'अ'. त्या बराच वेळ तेथे उभ्या होत्या. मंडळी पुढे गेली होती, आणि आमच्या संयोजकांना तीनची गाडी गाठायची होती.

ही घाई हाच या प्रवासाचा दोष. दोन रात्री अपुऱ्या आहेत. ओसाकातील खरेदीचे दोन दिवस कमी करून येथे चार दिवस दिले असते तर कोणाचे काही बिघडले नसते. मंदिरातील मुक्काम स्वस्त नाही. दोन्ही जेवणांसह माणशी रात्रीचा खर्च पंधरा हजार येनांच्या घरात किंवा त्याहूनही वर जातो. हिवाळ्यात बर्फ पडते आणि लांब ओसऱ्या अतिशय गार असतात. वृद्धांना बरोबर नेणाऱ्यांनी खुर्चीची सोय आधीच पत्राने विचारून घ्यावी.

परतल्यावर दोन महिन्यांनी बाईंचे पत्र आले. मुलाने तिकडे काय केलेस असे विचारले, तेव्हा त्यांनी माळ्यावरची जुनी पाटी काढून त्याला तो 'अ' काढून दाखवला. ती पाटी आता देवघरात आहे. रात्री जेवणानंतर दहा मिनिटे त्या तिच्यापुढे बसतात. कधी जमते, कधी नाही. मुलगाही शेजारी बसतो, पण पाचव्या मिनिटाला दूध उतू जाईल म्हणून उठतो.