कुलूप सर्वांचे, किल्ली एकाची

मजकूर परक्याला निरर्थक दिसेल असा बदलून पाठवणे, आणि ज्याच्यासाठी तो आहे त्याला मात्र तो पुन्हा मूळ रूपात वाचता येईल अशी तजवीज करणे, या विद्येला कूटलेखन म्हणतात. निरोप लपवून नेण्याच्या युक्त्यांहून ती वेगळी आहे, कारण कूटलेखनात निरोप शत्रूच्या हाती पडणारच असे गृहीत धरलेले असते आणि हाती पडूनही तो त्याला उलगडू नये एवढीच अपेक्षा असते. भारतीय परंपरेला ही कल्पना नवी नव्हती. कौटिलीय अर्थशास्त्रात हेरांच्या दळणवळणासाठी संज्ञालिपीचा उल्लेख येतो आणि कामसूत्रातील चौसष्ट कलांच्या यादीत म्लेच्छितविकल्प नावाची सांकेतिक लेखनाची कला आहे. या विद्येचा पुढचा सारा इतिहास मात्र लिपीपेक्षा किल्लीभोवती फिरतो, म्हणजे ज्या छोट्याशा गुपिताच्या आधारे मजकूर बंद होतो आणि उघडतो ते गुपित कोणापाशी आहे, त्याच्यापर्यंत ते पोहोचले कसे आणि ते किती काळ वापरात राहिले, या तीन प्रश्नांभोवती.

मराठीत याचे सर्वांत ठळक उदाहरण महानुभाव पंथाचे आहे. पंथातील ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले गेले आणि त्यामुळे मराठी गद्याचा प्रारंभीचा मोठा ठेवा कित्येक शतके पंथाबाहेरच्या वाचकाला बंद राहिला. (मोडी लिपीही गुप्ततेसाठीच निर्माण झाली, असा एक समज अधूनमधून ऐकू येतो, तो निराधार आहे. मोडी ही भरभर लिहिण्याची दफ्तरी लिपी होती आणि कोणत्याही कारकुनाला ती येत असे.) सकळ लिपीचे तत्त्व सोपे आहे. तिच्यात एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर किंवा चिन्ह येते. अशा रचनेला प्रतिस्थापन म्हणतात आणि तिचे दुखणे नवव्या शतकातच बगदादच्या अल-किंदी या विद्वानाने नेमके ओळखले होते. अक्षर बदलले तरी त्याची वारंवारता बदलत नाही, म्हणून एखाद्या भाषेत कोणती अक्षरे जास्त वेळा येतात हे ठाऊक असले, की पुरेशा लांब मजकुरात सर्वाधिक वेळा येणारे चिन्ह कोणते अक्षर असावे याचा अंदाज बांधता येतो आणि एकेक टाका उसवत संपूर्ण लिपी सुटते. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा अभ्यासकांपुढे मांडला, आणि तेव्हा एखादी पोथी नव्हे, तर त्या लिपीत शतकानुशतके लिहिल्या गेलेल्या साऱ्याच पोथ्या एकदम वाचनीय झाल्या. मराठी साहित्याच्या दृष्टीने ही भाग्याची गोष्ट ठरली. कूटलेखनाच्या दृष्टीने मात्र एकच किल्ली दीर्घकाळ वापरली तर काय होते याचा हा आदर्श दाखला आहे.

पॅरिसमध्ये शिकवणारे भाषातज्ज्ञ ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्ये लष्करी कूटलेखनावरील आपल्या लेखनात असे सूत्र मांडले, की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, कारण सुरक्षितता पद्धतीच्या गुप्ततेवर नव्हे, तर किल्लीच्या गुप्ततेवर उभी असली पाहिजे. सामान्य बुद्धीला हे उलटे वाटते. तरीही कुलूप बनवण्याची कृती जगजाहीर असूनही प्रत्येकाच्या दाराची किल्ली निराळी असते, हा घरोघरचा अनुभव याच सूत्राचा आहे. आज बँका, सरकारे आणि मोबाइल फोन ज्या पद्धतीवर विसंबतात ती एईएस ही पद्धत अशाच उघड मार्गाने निवडली गेली. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने जाहीर स्पर्धा घेतली, आलेल्या पंधरा प्रस्तावांवर जगभरच्या तज्ज्ञांना तुटून पडू दिले आणि त्यातून टिकलेली, योआन दामेन व व्हिन्सेंट रायमेन या दोन बेल्जियन संशोधकांची रचना २००१ मध्ये मानक ठरली. तिच्या सर्वांत लहान, १२८ बिटांच्या किल्लीचेही पर्याय इतके आहेत की त्यांची संख्या लिहायला ३९ अंक लागतात. त्याआधीच्या डीईएस या पद्धतीची किल्ली ५६ बिटांची होती आणि १९९८ मध्ये मुद्दाम बांधलेल्या एका यंत्राने सगळे पर्याय धुंडाळत ती ५६ तासांत शोधून काढली होती.

किल्ली कितीही मोठी घेतली तरी एक अडचण जुनीच राहते, कारण ती दुसऱ्या टोकाला पोहोचवायची कशी हा प्रश्न सुटत नाही. निरोप पाठवण्याचा मार्ग सुरक्षित नाही म्हणून किल्ली हवी, आणि किल्ली पाठवायला सुरक्षित मार्ग हवा, असे हे चक्र आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याच्या एनिग्मा यंत्रांसाठी रोजच्या मांडणीच्या छापील याद्या आधीच वाटून ठेवाव्या लागत आणि पाणबुडीवरची अशी पुस्तके शत्रूच्या हाती लागणे हे युद्धातले मोठे घबाड ठरत असे. सैन्याला हा खटाटोप परवडला, कारण कोण कोणाशी बोलणार हे तिथे आधी ठरलेले असते. इंटरनेटवर मात्र सोलापूरच्या दुकानदाराला आयुष्यात कधीही न पाहिलेल्या बँकेच्या संगणकाशी पुढच्या क्षणी गुप्तपणे बोलायचे असते, आणि तिथे किल्लीची डबी घेऊन जाणारा जासूद नसतो.

हे चक्र १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी तोडले. त्यांची युक्ती शाळेतल्या घात आणि बाकी यांच्या गणितावर उभी आहे, म्हणून ती लहान आकड्यांत पाहता येते. दोन व्यक्तींनी १३ आणि २ या संख्या सर्वांसमक्ष ठरवल्या असे समजावे. पहिलीने मनात ५ धरला, २ चा पाचवा घात ३२ काढला, त्याला १३ ने भागून उरलेली बाकी ६ उघडपणे कळवली. दुसरीने मनात ४ धरला, २ चा चौथा घात १६ काढून उरलेली बाकी ३ तशीच उघडपणे कळवली. आता पहिली व्यक्ती आलेल्या ३ चा पाचवा घात २४३ काढून १३ ने भागते, तेव्हा बाकी ९ उरते. दुसरी व्यक्ती आलेल्या ६ चा चौथा घात १२९६ काढून १३ ने भागते, तेव्हाही बाकी ९ च उरते. दोघींपाशी ९ हे समान गुपित तयार झाले, पण ते कोणी कोणाला पाठवले नाही. मधल्यामध्ये कान लावून बसलेल्याने १३, २, ६ आणि ३ एवढेच ऐकले. इतक्या लहान आकड्यांत तो मनातले आकडे सहज शोधील, पण १३ च्या जागी शेकडो अंकी मूळ संख्या घेतली की घात काढणे संगणकाला क्षणाचे काम राहते आणि बाकीवरून मूळ घातांक शोधणे व्यवहारात अशक्य होऊन बसते. जाणे सोपे आणि परतणे दुष्कर अशा या एकेरी वाटेवरच आधुनिक गुप्त संवादाची सारी इमारत उभी आहे.

पुढच्याच वर्षी रॉन रिव्हेस्ट, आदी शामिर आणि लिओनार्ड ॲडलमन यांनी एमआयटीत दुसरी एकेरी वाट शोधली, जी त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून आरएसए म्हणून ओळखली जाते. ७९ आणि ८३ यांचा गुणाकार ६५५७ येतो हे कागदावर पटकन काढता येते, परंतु ६५५७ देऊन त्याचे मूळ अवयव विचारले तर बराच वेळ चाचपडावे लागते. अंक वाढवत नेले तर हे चाचपडणे मानवी आवाक्याबाहेर जाते. या विषमतेतून किल्ल्यांची जोडी तयार होते. सार्वजनिक किल्लीने कोणीही मजकूर बंद करावा आणि खासगी किल्लीने तो फक्त मालकाने उघडावा, म्हणजे एखाद्याने आपली उघडी कुलुपे गावभर वाटावीत आणि किल्ली स्वतःच्या कमरेला ठेवावी, तसा हा प्रकार आहे. शोधकर्त्यांनी १९७७ मध्ये १२९ अंकी एक संख्या जाहीर करून तिचे अवयव पाडणाऱ्यास शंभर डॉलरचे बक्षीस लावले होते, आणि ती फोडायला कोट्यवधी वर्षे लागतील असा तेव्हाचा अंदाज होता. प्रत्यक्षात इंटरनेटवरून जोडलेल्या सुमारे ६०० स्वयंसेवकांनी ती १९९४ मध्ये फोडली. दोष गणिताचा नव्हता, संगणकांच्या आणि अवयव पाडण्याच्या रीतींच्या वेगाविषयीचा अंदाज चुकला होता; म्हणूनच आज आरएसएसाठी निदान ६१७ अंकी संख्या वापरतात. या कथेला एक उपकथाही आहे. ब्रिटनच्या गुप्त दळणवळण संस्थेतील जेम्स एलिस, क्लिफर्ड कॉक्स आणि माल्कम विल्यमसन यांनी याच कल्पना या संशोधकांच्या काही वर्षे आधी मांडल्या होत्या, पण संस्थेच्या नियमांमुळे ते १९९७ पर्यंत बाहेर कळू शकले नाही. गुप्ततेच्या विद्येतील एवढा मोठा शोध गुप्ततेनेच झाकून टाकावा, यातली विसंगती नजरेआड करण्याजोगी नाही.

किल्ल्यांची हीच जोडी उलटी चालवली की डिजिटल स्वाक्षरी मिळते. मजकुराचा आधी एक ठरावीक लांबीचा गणिती सारांश काढतात, ज्याला हॅश म्हणतात आणि ज्यात मूळ मजकुराचा एक स्वल्पविराम बदलला तरी ओळखू न येण्याइतका फरक पडतो. मग त्या सारांशावर खासगी किल्लीने शिक्का उठवला जातो आणि तो सार्वजनिक किल्लीने कोणालाही तपासता येतो. महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा तलाठ्याच्या सही-शिक्क्यावाचून ग्राह्य धरला जातो तो याच बळावर. शाईच्या सहीची नक्कल करता येते आणि सहीखालचा मजकूर नंतर बदलता येतो, परंतु इथे सही मजकुराशीच बांधलेली असल्याने उताऱ्यातले क्षेत्र एका गुंठ्याने बदलले तरी तपासणीत ती सही तुटलेली दिसते.

तरीही एक प्रश्न गणित सोडवत नाही, आणि बहुतेक फसवणूक तिथूनच शिरते. समोरून आलेली सार्वजनिक किल्ली खरोखर बँकेची आहे, की मध्येच उभ्या राहिलेल्या भामट्याची, हे आकडे पाहून कळत नाही. म्हणून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था किल्लीवर आपली स्वाक्षरी करतात आणि ब्राउझर त्या संस्थांवर विश्वास ठेवतो. म्हणजे गुपिताचा प्रश्न अखेर ओळख पटवणाऱ्या मध्यस्थाच्या प्रामाणिकपणावर आणि सावधपणावर येऊन टेकतो. नेदरलँड्समधील डिजिनोटार या अशाच संस्थेच्या संगणकांत २०११ मध्ये घुसखोरी झाली, गूगलच्या नावाची खोटी प्रमाणपत्रे निघाली, इराणमधील असंख्य वापरकर्त्यांचा पत्रव्यवहार त्यामुळे उघडा पडला आणि संस्था दिवाळखोरीत गेली. गणित कुठेच चुकले नव्हते. व्हॉट्सॲपमध्ये प्रत्येक संवादामागे दिसणारा ६० अंकी सुरक्षा क्रमांक याच शंकेसाठी आहे. दोघांनी तो समोरासमोर ताडून पाहिला आणि जुळला तर मध्ये तिसरा कोणी नाही अशी खात्री मिळते, पण हा क्रमांक ताडून पाहणारे लोक विरळाच.

व्हॉट्सॲपने एप्रिल २०१६ पर्यंत सर्व वापरकर्त्यांसाठी लागू केलेली टोकापासून टोकापर्यंतची कूटयोजना मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि ट्रेव्हर पेरिन यांनी सिग्नल या संदेशसेवेसाठी रचलेल्या पद्धतीवर आधारलेली आहे. तिच्यात मजकूर पाठवणाऱ्याच्या फोनवर बंद होतो, घेणाऱ्याच्या फोनवर उघडतो आणि मधल्या सर्व्हरला फक्त बंद लिफाफा दिसतो. तिचे खरे कौशल्य किल्लीच्या आयुष्यात आहे. प्रत्येक संदेशासाठी नवी किल्ली तयार होते, जुनी पुसली जाते आणि संभाषण चालू असताना डिफी-हेलमनची देवाणघेवाण पुन्हा पुन्हा होत राहते, त्यामुळे आज कोणाच्या हाती एखादी किल्ली लागली तरी कालचे संदेश तिने उघडत नाहीत आणि पुढचेही फार काळ उघडे राहत नाहीत. सकळ लिपीत जे घडले, त्याच्या नेमके उलटे. मात्र कोण कोणाशी, केव्हा आणि किती वेळा बोलले हे लिफाफ्यावर दिसतच राहते, आणि फोनच चोराच्या हाती उघडा असेल किंवा मालकाने ओटीपी स्वतःच वाचून दाखवला तर फोडण्यासारखे काही उरतच नाही.

शासनाला ही बंद दारे खुपणे स्वाभाविक आहे. भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६९ शासनाला माहिती उलगडून मागण्याचा अधिकार देते आणि २०२१ च्या नियमांनी मोठ्या संदेशसेवांना संदेशाचा मूळ प्रेषक शोधून देण्यास बांधले; त्याविरुद्ध व्हॉट्सॲप दिल्ली उच्च न्यायालयात गेले. गुन्ह्याचा तपास ही खरी गरज आहे, पण फक्त पोलिसांना उघडेल आणि इतर कोणालाही उघडणार नाही असे मागचे दार बांधण्याची खात्रीशीर रीत अजून कोणाला सापडलेली नाही.

याहून मोठे आव्हान १९९४ पासून क्षितिजावर आहे. त्या वर्षी पीटर शोर यांनी दाखवले, की पुरेशा क्षमतेचा क्वांटम संगणक अवयव पाडणे आणि घातांक शोधणे ही दोन्ही कामे झपाट्याने करील, म्हणजे आरएसए आणि डिफी-हेलमन या दोन्ही एकेरी वाटा दुहेरी होतील. तसा संगणक अजून बनलेला नसला तरी अमेरिकी मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या, क्वांटम संगणकालाही दाद न देणाऱ्या पद्धतींची पहिली मानके जाहीर केली, आणि त्यांतील किल्ली ठरवण्याची पद्धत बहुमितीय जाळ्यांच्या गणितावर बेतलेली आहे. एवढ्या लवकर घाई करण्याचे कारण तांत्रिक नसून काळाचे आहे. आज वाहणारा बंद मजकूर कोणीही जशाच्या तसा साठवून ठेवू शकतो आणि किल्ली सापडेपर्यंत, ती वीस वर्षांनी सापडो की चाळीस, निवांत वाट पाहू शकतो. रुग्णांच्या नोंदी, जमिनीचे व्यवहार आणि राजनैतिक पत्रव्यवहार यांचे आयुष्य तेवढे असते. सकळ लिपीतल्या पोथ्यांचे तर कित्येक शतकांचे होते.