तोंडी आणि लेखी

मोजमाप पुस्तकाला खात्यात सगळे एमबी म्हणतात. जाड पुठ्ठ्याचं, पानांवर छापील क्रमांक असलेलं ते पुस्तक मी पहिल्यांदा हातात घेतलं १९८७ च्या पावसाळ्यात. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि राज्य शासनाच्या एका खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून नुकतीच रुजू झाले होते. पान फाडायचं नाही, खोडरबर लावायचा नाही. आकडा चुकला तर त्यावर एक रेघ मारायची, बाजूला बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. कामावर जाऊन मी जे मोजीन ते या पुस्तकात चढणार आणि त्यावरून कंत्राटदाराचं बिल निघणार.

२०२१ मध्ये निवृत्त झाले. मधल्या चौतीस वर्षांत काय काय झालं ते आता मागे वळून पाहते, तेव्हा रस्ते आणि पूल कमी आठवतात, तोंडी मिळालेले आदेश जास्त आठवतात. खात्याचं आणि गावांचं नाव मी घेणार नाही. त्यातली बरीच माणसं अजून तिथेच राहतात.

आमच्या कार्यालयात एक जुने हेडक्लार्क होते. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. पहिल्या महिन्यात त्यांनी कपाटातून एक पिवळी पडलेली पुस्तिका काढून माझ्यापुढे ठेवली. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९. त्यातल्या तिसऱ्या नियमावर त्यांनी बोट ठेवलं. कर्मचाऱ्याने स्वतःच्या विवेकबुद्धीने काम करावं, वरिष्ठांच्या सांगण्यावरून वेगळं करायची वेळ आली तर तो आदेश शक्यतो लेखी घ्यावा, आणि तेव्हा लेखी मिळण्यासारखा नसेल तर नंतर लवकरात लवकर लेखी दुजोरा घ्यावा, असा त्याचा आशय. "बाई, हे पाठ करून ठेवा," भाऊसाहेब म्हणाले, "बाकीचं काम शिकाल आपोआप."

तो नियम वापरायची वेळ आली १९९१ च्या मार्चमध्ये. रस्त्याच्या खडीकरणाचं काम होतं. दाबून झालेला थर ७५ मिलिमीटर भरायला हवा होता. मुकादमाकडून पहार घेतली आणि तीन ठिकाणी खड्डे घेतले. एका ठिकाणी ५०, दुसरीकडे ५५, तिसरीकडे पुन्हा ५० च्या आसपास. उपअभियंता साहेब जीपमधून उतरले, खड्ड्यांकडे न बघता म्हणाले, "मॅडम, पंच्याहत्तर लिहून टाका. मार्चएंड आहे, निधी परत जाईल." मी म्हणाले, "साहेब, तसं लेखी द्या, मी लिहिते." आवाज माझा मलाच अनोळखी वाटला. साहेब काही बोलले नाहीत, जीपमध्ये बसले आणि गेले.

एमबीत मी ५० लिहिलं नाही आणि ७५ ही लिहिलं नाही. लिहायची वेळच आली नाही. दोन दिवसांत ते काम दुसऱ्या कनिष्ठ अभियंत्याकडे सोपवलं गेलं, बिल ३१ मार्चच्या आत निघालं, आणि ऑगस्टमध्ये माझी बदली झाली. गाव दीडशे किलोमीटरवर. मुलगा दोन वर्षांचा होता. नव्या ठिकाणी माझ्याकडे काम दिलं ते नकाशे आणि अंदाजपत्रकांचं. खात्यात त्याला साइड पोस्ट म्हणतात, म्हणजे जिथे ना एमबी असते ना बिल. कुणी रागावलं नाही की नोटीस आली नाही. पगार वेळेवर होत होता. तत्त्वाला चिकटलेल्या माणसाला व्यवस्था सहसा मारत नाही, ती त्याला बाजूला ठेवते, आणि तो बाजूला बसल्या बसल्या स्वतःशीच वाद घालत राहतो. माझा वाद पाच वर्षं चालला.

त्या वादात मी हरले. १९९६ मध्ये मला पुन्हा कामावर घेतलं. एका ओढ्यावर फरशी आणि तिच्या दोन्ही बाजूंचा भराव असं काम होतं. मुलाला टायफॉइड झालेला, मी रजेच्या अर्जावर सही करून निघण्याच्या बेतात. तेवढ्यात फोन आला, भराव पूर्ण झालाय असं धरून मोजमाप लिहा, कागद नंतर देतो. मी लिहिलं. कागद आला नाही. दुसऱ्या पावसाळ्यात भराव वाहून गेला. सुदैवाने तेव्हा फरशीवर कुणी नव्हतं, पण पलीकडच्या वस्तीतल्या पोरांची शाळा महिनाभर बंद राहिली. चौकशी लागली. फोन करणाऱ्या साहेबांनी सांगितलं, असा फोन मी केलाच नाही. त्यांना खोटं पाडायला माझ्याकडे काही नव्हतं. माझी एक वेतनवाढ रोखली गेली. शिक्षा योग्यच होती, कारण सही माझी होती. पैशाचं दुःख कधीच वाटलं नाही. त्या वस्तीतली एक आजी तहसीलमध्ये भेटली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही तर बघून गेला होतात ना?" ते वाक्य अजून उतरत नाही.

त्यानंतर मी एक पद्धत ठेवली. तोंडी आदेश आला की त्याच दिवशी, संध्याकाळच्या आत, साध्या कागदावर तीन ओळींचं पत्र. आपण अमुक वाजता अमुक सांगितलंत, त्याला लेखी दुजोरा द्यावा, तोपर्यंत मोजमाप प्रत्यक्ष स्थितीप्रमाणे नोंदवत आहे. पत्र आवक बारनिशीत टाकायचं, आपल्या प्रतीवर शिक्का आणि क्रमांक घ्यायचा. दुजोरा जवळजवळ कधीच येत नसे. आदेशही बहुतेक वेळा विरून जात. चुकीची गोष्ट सांगणाऱ्याला ती कागदावर दिसलेली सोसत नाही, एवढं माझ्या ध्यानात आलं.

मग नोव्हेंबर २००३ उजाडला. सत्येंद्र दुबे आयआयटी कानपूरचे सिव्हिल इंजिनीअर. सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामावर झारखंडमध्ये कोडरम्याला नेमणूक. तिथल्या कामातला गैरव्यवहार त्यांनी २००२ मध्ये थेट पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहून कळवला आणि आपलं नाव गुप्त ठेवावं अशी विनंती केली. ते पत्र नावासकट टेबलाटेबलावरून फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. ती बातमी मी कार्यालयात वाचली. आमच्या खोलीत पाच अभियंते होतो, दुपारपर्यंत कुणी कुणाशी बोललं नाही. मी तोवर लिहिण्याला ढाल समजत होते. दुबेंनीही लिहिलंच होतं. लिहिणाऱ्याच्या मागे कागद जपणारं कुणी नसेल तर त्याचं काय होतं, ते त्या दिवशी कळलं. पुढच्या वर्षी केंद्र सरकारने अशा तक्रारदारांसाठी ठराव काढला. त्याचा कायदा व्हायला २०१४ साल उजाडलं, आणि तो कायदा प्रत्यक्ष अमलात आणणारी अधिसूचना नंतरही वर्षानुवर्षे निघाली नाही.

महाराष्ट्रात दरम्यान वेगळं काही घडत होतं. माहितीच्या अधिकाराचा राज्याचा कायदा व्हावा म्हणून ऑगस्ट २००३ मध्ये अण्णा हजारे आझाद मैदानात उपोषणाला बसले आणि त्यानंतर तो लागू झाला. १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा पूर्णपणे अमलात आला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, साधा अर्ज, तीस दिवसांची मुदत. मुदत मोडली तर माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये दंड, जास्तीत जास्त २५,००० पर्यंत. बदल्यांचं विनियमन आणि कामातल्या विलंबाला प्रतिबंध करणारा राज्याचा कायदाही याच सुमारास झाला. त्याने तीन वर्षांच्या आतल्या बदलीला कारण लागू लागलं आणि एका टेबलावर फाइल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त ठेवता येईना. पळवाटा होत्याच, तरी १९९१ मध्ये हा कायदा असता तर माझ्या बदलीच्या आदेशात निदान कारण तरी लिहावं लागलं असतं.

सहकारी धास्तावले होते. मी धास्तावले नाही असं म्हणणार नाही, कारण माझीही १९९६ ची सही कुठल्यातरी कपाटात होती. पण २००७ मध्ये एक शेतकरी अर्ज घेऊन आला. त्याच्या शेतालगतच्या रस्त्याची, दोन वर्षांपूर्वीच्या कामाची, सगळी फाइल त्याला हवी होती. पानामागे दोन रुपये भरून त्याने झेरॉक्स नेल्या. त्यात माझं तीन ओळींचं पत्र होतं, आवक क्रमांकासकट, आणि त्याला दुजोरा न दिल्याची रिकामी जागाही. आठवड्याने तो परत आला. झेरॉक्सची घडी उघडून माझ्यापुढे धरली आणि विचारलं, "हे तुम्हीच लिहिलंय का, ताई?" मी हो म्हणाले. "मग यांना विचारतो आता," असं म्हणून तो वरच्या मजल्यावर गेला. तेव्हा मला उमगलं की आपण इतकी वर्षं ज्याला पत्र लिहीत होतो तो माणूस वरच्या मजल्यावर नव्हता, तो हा होता.

त्याच्या आदल्याच वर्षी, २००६ मध्ये, केंद्र सरकार फाइलींवरच्या टिपण्या माहितीच्या अधिकारातून वगळू पाहत होतं, तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा एका निवेदनावर सही केली. आळंदीत अण्णांचं उपोषण झालं, देशभर विरोध झाला आणि दुरुस्ती मागे पडली. टिपणी झाकली की निर्णय कुणाचा हे कधीच कळत नाही. एका अक्षरासाठी भांडण वाटलं असेल कुणाला, पण फाइलीवर ज्याने आयुष्य काढलंय त्याला त्या अक्षराचं वजन माहीत आहे.

पुढची वर्षं जड गेली. जानेवारी २०१० मध्ये तळेगाव दाभाड्यात जमिनींचे व्यवहार माहिती अधिकारातून उघडे पाडणाऱ्या सतीश शेट्टींचा खून झाला. साधारण वर्षाने, २५ जानेवारी २०११ ला, मनमाडजवळ मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना इंधनभेसळ करणाऱ्यांनी जिवंत जाळलं. २७ तारखेला राज्यभर कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवलं. मीही त्यात होते, आणि त्या दिवशी कार्यालयाच्या पायरीवर बसलेले काही लोक असे होते की ज्यांच्या एमबीवर मी कधीच विश्वास ठेवला नसता. तेही रडत होते. २०१२ मध्ये विजय पांढरे या मुख्य अभियंत्यांनी सिंचन प्रकल्पांच्या फुगलेल्या खर्चावर आणि कामांच्या दर्जावर राज्यपालांना आणि मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं. आमच्यातलाच एक, मोजमाप आणि अंदाजपत्रकाची तीच भाषा बोलणारा. त्या पत्राच्या बातमीचं कात्रण मी काचेखाली ठेवलं होतं.

आणि ३१ ऑक्टोबर २०१३. टी. एस. आर. सुब्रमण्यम यांच्यासह निवृत्त सनदी अधिकाऱ्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. अधिकाऱ्यांनी तोंडी आदेशांवर काम करू नये, तसा आदेश आलाच तर त्याची नोंद करावी, कारण नोंदच नसेल तर नागरिकाचा माहितीचा अधिकार पोकळ ठरतो. मी निकालाच्या बातमीचं पान घेऊन भाऊसाहेबांच्या घरी गेले. ते तेव्हा अंथरुणाला खिळले होते. त्यांच्या मुलाने वाचून दाखवलं. भाऊसाहेबांनी डोळे न उघडता विचारलं, "नियम तीनच ना?"

निवृत्तीनंतर मी माझ्या मूळ गावी राहायला आले. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला गेले तर रजिस्टरवर सह्या घेणं आधीच सुरू होतं, वरचं पान कोरं. ठराव मागाहून लिहितात म्हणे, इतकी वर्षं तसंच चालत आलंय. मी म्हटलं, ठराव वाचून दाखवा, मग सही करते. कुजबुज झाली. शेजारच्या काकूंनी पदर ओढून खाली बसवायचा प्रयत्न केला. पण मागच्या रांगेतल्या दोन सुना उठल्या आणि त्यांनीही सही न करता पेन परत दिलं. त्या दिवशी पहिल्यांदा ठराव सभेतच लिहिला गेला. फार मोठा नव्हता, पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीचा होता. टाकी अजून दुरुस्त झालेली नाही, पण ठरावाची प्रत माझ्याकडे आहे आणि त्या दोघींकडेही.

गेल्या महिन्यात एका मुलीचा फोन आला. माझ्या शेवटच्या कार्यालयात ती नवीन कनिष्ठ अभियंता म्हणून आली होती, आता दुसऱ्या जिल्ह्यात आहे. आवाज दबका. "मॅडम, साहेब आता व्हॉट्सअ‍ॅप कॉलवरच सांगतात. त्याचं रेकॉर्डिंग पण होत नाही. आज म्हणाले, थर पूर्ण धरा. मी काय करू?"

"पेन आहे का जवळ?"

"आहे."

"लिही. आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी आपण दूरध्वनीवरून दिलेल्या सूचनेनुसार…"

पलीकडे कागदाचा आवाज आला. ती लिहून घेत होती, आणि मध्येच थांबून विचारत होती की अकरा दहा की अकरा बारा, कारण तिला वेळ नक्की लिहायची होती.