मोजल्या न गेलेल्या लिंका

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागलं की भनपुरीनंतर बीरगांव येतं. शेजारीच उरल्याची औद्योगिक वसाहत. रोलिंग मिला, भट्ट्या, सळया लादलेले ट्रक आणि दुकानांच्या पाट्यांवर बसलेली काळी धूळ. इथला धंदा अजूनही फोनवर आणि ओळखीवर चालतो. पण गोंदिया-नागपूरकडचं नवं गिऱ्हाईक आधी गूगलवर शोधतं, म्हणून मिलवाल्यांनी संकेतस्थळं करून घेतली आहेत. ती वर का येत नाहीत, हे बघायला मला अधूनमधून बोलावणं येतं.

"पाँच सौ लिंक खरीदे थे, भैया. गए कहाँ?" एका मिलच्या मालकांनी विचारलं. प्रश्न रास्त होता, पैसे त्यांचे गेले होते.

मी ‘सर्च कन्सोल’ उघडला. गूगलचं हे साधन फुकट आहे, फक्त संकेतस्थळ आपलंच आहे हे आधी सिद्ध करावं लागतं. त्यातल्या लिंकांच्या अहवालात दिसतं की बाहेरच्या कोणत्या साइट आपल्याकडे बोट दाखवतात, आपल्या कोणत्या पानाकडे दाखवतात आणि कोणत्या शब्दांवर लिंक लावतात. मी आधी शब्दांची यादी बघतो. माणसं आपण होऊन लिंक देतात तेव्हा शब्द एकसारखे येत नाहीत. कुणी कंपनीचं नाव लिहितो, कुणी नुसता पत्ता चिकटवतो, कुणी ‘इथे बघा’ म्हणून मोकळा होतो. इथे मात्र जिकडेतिकडे एकच इंग्रजी वाक्य, रायपुरातली सर्वोत्तम टीएमटी सळई अशा अर्थाचं. देणाऱ्या साइट कोणत्या? परदेशी जुगाराच्या, कुत्र्यांच्या खाण्याच्या, पर्यटनाच्या. समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेलांचं वर्णन वाचता वाचता मधेच बीरगांवची सळई निघाली, तेव्हा मालकही हसले.

लिंकेला किंमत का आली, हे त्यांना कागदावर मांडून दाखवलं. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये शिकत असताना ‘पेजरँक’ बसवला आणि १९९८ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. त्यामागची कल्पना विद्वानांच्या जगातली: ज्या शोधनिबंधाचा दाखला इतर निबंध देतात, तो महत्त्वाचा. युजीन गारफिल्ड यांनी अशा दाखल्यांची सूची १९६० च्या दशकातच काढली होती. पेजरँकने त्यात भर घातली ती अशी की दाखला देणाऱ्याचं स्वतःचं वजनही धरायचं. पानाचं वजन त्याच्या बाहेर जाणाऱ्या लिंकांत वाटलं जातं आणि वाटण्याआधी त्याला साधारण ०.८५ ने गुणतात. समजा पानाचं वजन १ आहे. त्यावर चार लिंका असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला ०.२१ च्या आसपास येतं, पाचशे असतील तर ०.००१७. ज्याला त्याला लिंक विकणाऱ्या पानाकडे मुळात वजन तुटपुंजं आणि वाटेकरी शेकडो. मूळ सूत्रात नंतर पुष्कळ बदल झाले, पण एवढ्या हिशेबावरूनच मालकांच्या लक्षात आलं की आकडा पाचशेचा असला तरी माल काहीच नव्हता.

या बाजारात मोठेही फसले आहेत. अमेरिकेतली जे. सी. पेनी ही दुकानांची साखळी कितीतरी शब्दांना गूगलवर पहिली येत असे. २०११ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्यामागच्या हजारो पेरलेल्या लिंका उघड केल्या आणि गूगलने तिला खाली ढकललं. एप्रिल २०१२ मध्ये गूगलच्या क्रमवारीत ‘पेंग्विन’ नावाचा बदल आला, तो अशा साइटना शिक्षाच करायचा. २०१६ पासून पेंग्विनचं धोरण पालटलं: बनावट लिंका शक्यतो मोजायच्याच नाहीत. मालकांच्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं. लिंका कुठे गेल्या नव्हत्या, जागच्या जागी होत्या. फक्त त्यांना कोणी धरत नव्हतं.

नको असलेल्या लिंका नाकारण्याची यादी गूगलला देता येते. एक साधी मजकुराची फाइल, ओळीला एक साइट. दुकानदारी करणारे सल्लागार याचेही पैसे लावतात. गूगलने माणसाकरवी कारवाई केल्याची सूचना कन्सोलमध्ये आलेली नव्हती, म्हणून मी ती फाइल केलीच नाही.

वेळ घातला तो दुसरीकडे. ज्यांच्याशी मिलचा खरा व्यवहार आहे, त्यांच्यापैकी कुणाच्या साइटवर मिलचं नाव आहे, हे शोधत बसलो. यंत्रं पुरवणाऱ्याच्या ग्राहक-यादीत नाव होतं, लिंक नव्हती. विदर्भातल्या एका विक्रेत्याच्या पानावर लिंक होती, पण ती जुन्या, बंद पडलेल्या पत्त्याकडे जात होती. उद्योजकांच्या सदस्य-यादीत फोन नंबर जुना. फोन करून या गोष्टी दुरुस्त करून घेणं हे कंटाळवाणं काम आहे, आणि माझ्या मते या धंद्यातलं सगळ्यात किफायतशीर. नकाशावरच्या शोधातही ते उपयोगी पडतं. तिथला क्रम जुळणी, अंतर आणि ख्याती यांवर ठरतो असं गूगल सांगतं, आणि ख्यातीत इतर साइटवरच्या लिंकाही धरतं.

लिंक म्हणजे सर्वस्व नव्हे. पहिल्या तीन निकषांत आता लिंका नाहीत, असं गूगलच्या गॅरी इलिएस यांनी २०२३ मध्ये सांगितलं. मिलच्या पानावर सळईची जाडी, दर्जा, वजनाचा तक्ता यांपैकी काहीच नव्हतं, होते ते कार्यालयाचे आणि उद्घाटनाचे फोटो. तिथे लिंक तरी काय करणार?

तुमच्या धंद्याचं संकेतस्थळ असेल आणि कुणी महिन्याला अमुक इतक्या लिंकांचं पॅकेज घेऊन आलं, तर पैसे देण्याआधी त्याने मागच्या गिऱ्हाइकाला कोणत्या साइटवर लिंका दिल्या ते विचारा, आणि त्यातली दोन-चार पानं स्वतः उघडून वाचा.