कुपा महासागराचा, चारा लगूनचा

किरिबाटी या प्रशांत महासागरातल्या देशाची जमीन जेमतेम 811 चौरस किलोमीटर. पण त्याच्या हक्काचा समुद्र सुमारे 35 लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या भूभागाहूनही मोठा. शेजारच्या तुवालूची जमीन तर फक्त 26 चौरस किलोमीटर. कंकणाच्या आकाराच्या या प्रवाळबेटांची खरी दौलत म्हणजे ट्यूना, आपल्या कोकणातला कुपा. या दौलतीविषयी बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज : एवढा समुद्र, म्हणजे मासळी जिथे-तिथे.
वस्तुस्थिती : उष्ण कटिबंधातलं निळंशार पाणी दिसायला सुंदर, पण पोषकद्रव्यांच्या दृष्टीने गरीब असतं. विषुववृत्ताजवळ खालचं थंड, पोषक पाणी वर येतं, तिथे सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि त्यांच्यामागोमाग सारी अन्नसाखळी येते. मासळीही अशाच पट्ट्यांत एकवटते.

गैरसमज : ट्यूना बेटाभोवतीच राहतो, म्हणून तो त्या बेटाचा.
वस्तुस्थिती : स्किपजॅक जातीचा ट्यूना भटक्या आहे. पश्चिम प्रशांतातल्या उबदार पाण्याच्या कडेने तो फिरतो. एल निनोच्या वर्षी हे पाणी पूर्वेकडे सरकतं आणि मासळीचे थवेही हजारो किलोमीटर सरकतात. एका देशाचं भरघोस वर्ष शेजाऱ्याचं कोरडं ठरू शकतं. म्हणूनच या भागातल्या देशांनी ट्यूना मिळून सांभाळण्यासाठी 1982 साली नाउरू करार केला. आज आठ देश त्यात आहेत. 2007 पासून ते परदेशी पर्ससीन (घेराच्या जाळ्याच्या) बोटींना मासेमारीचे दिवस विकतात. किरिबाटी सरकारच्या उत्पन्नाचा अर्ध्याहून मोठा वाटा मासेमारीच्या परवान्यांतून येतो.

गैरसमज : ट्यूना पकडायला चारा म्हणून वापरतात ती छोटी मासळी म्हणजे मोठ्या माशांची पिल्लं.
वस्तुस्थिती : लगूनमधले, म्हणजे प्रवाळबेटाने वेढलेल्या उथळ पाण्यातले, स्प्रॅट, ॲंचोव्ही, सिल्व्हरसाइड हे बोटाएवढेच मासे, पूर्ण वाढ झाली तरी तेवढेच राहतात. ॲंचोव्ही म्हणजे आपल्या मांदेलीचे भाऊबंद. यांतल्या बऱ्याच जातींचं आयुष्य काही महिने ते वर्षभराचं. पैदास झपाट्याने होते, पण एखादा हंगाम बिघडला की साठाही तितक्याच झपाट्याने घटतो.

गैरसमज : ट्यूना भरपूर असला की झालं, चाऱ्याचं काय एवढं?
वस्तुस्थिती : गळ-काठीच्या मासेमारीत सगळं या चाऱ्यावर अडतं. रात्री लगूनमध्ये दिवा लावायचा, उजेडाला जमलेली मासळी जाळ्याने उचलायची आणि बोटीतल्या वाहत्या पाण्याच्या टाकीत जिवंत ठेवायची. दिवसा थवा दिसला की ती मूठ-मूठ पाण्यात फेकायची, वर पाण्याचे फवारे मारायचे. बावचळलेला ट्यूना चकचकीत गळावर झेप घेतो. गळाला उलटा काटा नसतो, त्यामुळे काठीच्या एका झटक्यात मासा डेकवर येऊन पडतो आणि गळ लगेच पुन्हा पाण्यात जातो. चारा संपला की समोर थवा उसळत असला तरी बोट परत फिरते.

किरिबाटीने हे सोसलं आहे. 1981 साली तिथे ‘ते माउतारी’ ही राष्ट्रीय मासेमारी कंपनी उभी राहिली, पण तारावासारख्या बेटांच्या लगूनमधला चारा बेभरवशाचा निघाला. तेमाइकू इथल्या तळ्यांत मिल्कफिशची पिल्लं चारा म्हणून वाढवावी लागली. जपानी बोटी तर जिवंत ॲंचोव्ही मायदेशाहूनच घेऊन निघत.

गैरसमज : ट्यूना आता संपत आला आहे.
वस्तुस्थिती : जगातला निम्म्याहून अधिक ट्यूना पश्चिम व मध्य प्रशांतातून येतो. तिथल्या स्किपजॅक, यलोफिन, बिगआय आणि अल्बाकोर या चारही मुख्य जातींचे साठे अलीकडच्या मूल्यमापनांत सुस्थितीत आढळले आहेत. स्किपजॅक वर्षभरात प्रजननक्षम होतो, हे त्याचं बळ. पण ही सुस्थिती आपोआप टिकत नाही. मोजणी, मर्यादा आणि एकमेकांना दिलेला शब्द यांवर ती उभी आहे.

ट्यूना राखायला आठ देशांची एकजूट लागते. लगून मात्र गावाच्या दारात आहे. भराव, सांडपाणी आणि बेसुमार जाळी यांपासून ते गावालाच जपता येतं. त्या उथळ पाण्यातली बोटभर मासळी जगली, तरच बेटावरच्या माणसाला स्वतःच्या काठीने कुपा ओढता येईल.